आज वाचा, उद्या सही

फणसळकर वकिलांबद्दल लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी कायदा शिकलेलो नाही, त्यांच्या नात्यातला नाही, आणि लिहिण्याचं म्हणाल तर आमच्या घरात माझ्याआधी कुणी पोस्टकार्डाच्या पलीकडे काही लिहिलेलं नाही. तीन वर्षं त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहिलो, एवढाच माझा संबंध. त्यांना जवळून ओळखणारी माणसं रत्नागिरीत पुष्कळ असतील, त्यांतलं कुणीतरी लिहील, असं वाटून मी थांबलो होतो. कुणी लिहिलं नाही. आता वाटतं, तशी माणसं नसावीतच. म्हणून चुकतमाकत मीच लिहितो.

कॉलेजात नाव घातलं त्या दिवशी मी आणि बाबा खोली बघायला त्यांच्याकडे गेलो. मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं चिऱ्याचं, कौलारू घर होतं. पडवीत उतरत्या झाकणाचं एक डेस्क, त्यामागे वकील, समोर एक खुर्ची आणि भिंतीला लागून बाक. वकील साठीच्या आसपासचे. अंगाने काटकुळे. खुंटीवरचा काळा कोट धुऊन धुऊन हिरवट झालेला. त्यांनी खोलीच्या भाड्याचा कागद काढला आणि मला मोठ्याने वाचायला लावला. मी वाचला. बाबांनी पेन मागितलं.

"आज नाही," वकील म्हणाले. "आज वाचा, उद्या सही."

"अवो, आमी लांबसून आलाव," बाबा म्हणाले. "उद्या परत यस्टी कुठं करू? आनि पोरगा आज निजणार कुठं?"

"खोलीतच झोपेल. आज पाहुणा म्हणून. भाडेकरू उद्यापासून."

बाबा बाहेर पडल्यावर म्हणाले, "येडा हाय काय रे हा बामन?" पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, सही केली. त्या पाहुणेपणाच्या रात्री वकिलांनी मला मऊ भात आणि कुळथाचं पिठलं वाढलं. सकाळी सही झाली आणि मी भाडेकरू झालो. नंतर तीन वर्षांत त्यांनी मला एकदाही जेवायला बोलावलं नाही. राग नव्हता. त्यांची रीतच तशी होती. कुणाला फार जवळ येऊ द्यायचं नाही, याची ते काळजी घेत असावेत.

गावात त्यांना 'उद्यावकील' म्हणत. कोर्टात ते फारसे जात नसत. कज्जा चालवण्यापेक्षा कज्जा होऊ नये म्हणून कागद करून देण्यात त्यांना रस होता. पण कागद कितीही साधा असो, तो मोठ्याने वाचून दाखवायचा, मग माणसाला घरी पाठवायचं, आणि सही दुसऱ्या दिवशी. याला अपवाद नाही. लोक चिडत. मोहोराच्या दिवसांत घाईला आलेला एक बागायतदार एकदा पडवीत उभा राहून ओरडला, "वकीलसाहेब, तुमच्या उद्यापर्यंत माझा आंबा पिकून गळेल!" वकील म्हणाले, "आंबा गळला तर पुढच्या वर्षी येतो. सही गळत नाही." तो बागायतदार पुटपुटत गेला आणि दुसऱ्या दिवशी कागदातली एक ओळ बदलून हवी म्हणून सकाळी सातलाच हजर झाला. व्यापाऱ्याने मोहोरावर बाग घेतली होती आणि मोहोर जळला तर काय, हे लिहायचंच राहिलं होतं. वकिलांनी ती ओळ आदल्या दिवशीच पेन्सिलीने लिहून ठेवली होती. तसं त्याला सांगितलं नाही. त्याचं त्यालाच सुचू दिलं.

पहिल्या आठवड्यातच मला एक गोष्ट कळली. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला पडवीतून त्यांचा वाचण्याचा आवाज यायचा. संथ, प्रत्येक शब्द सुटा. मधे थांबून विचारायचे, "कळलं? पुन्हा वाचू?" मला वाटायचं, कुणी पक्षकार बसला असेल. एकदा घासलेटाची बाटली घेऊन पुढच्या दाराने आलो, तर समोरची खुर्ची रिकामी होती. ते खुर्चीकडे बघून वाचत होते. मला पाहिल्यावर कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "ऐकून बघतो. डोळ्यांनी वाचला की चूक दिसत नाही." मी मान हलवली. मला ते खरं वाटलं. खरंच होतं ते, पण पुरतं नव्हतं.

मी राहायला आलो त्याच वर्षी मुंबईच्या गिरण्यांचा संप चालू झाला होता. आमच्या आतल्या गावांत घरटी एक माणूस गिरणीत. पहिले दोन महिने कुणी काळजी केली नाही. चाकरमानी लवकर घरी आले म्हणून पोरंबाळं खूशच होती. मग पावसाळा आला, गणपती आले, आणि माणसं परत जाण्याचं नाव काढीनात. बायका घाबरल्या. तेव्हा वकील रविवारी छत्री घेऊन गावोगाव जाऊ लागले. कुणी बोलावलेलं नसे. देवळात किंवा शाळेच्या ओट्यावर बसत. भाषण वगैरे काही नाही. फक्त म्हणत, "घरात पत्र्याचा डबा आहे काय? आणा."

त्या डब्यात रेशनकार्ड, गिरणीचा पास, फंडाची चिठ्ठी, सातबाराचा उतारा आणि मुलांचे जन्मदाखले, सगळं एकत्र ठेवायचं. कडुलिंबाचा पाला घालायचा. आणि डबा घरातल्या बाईच्या ताब्यात. हे शेवटचं पुरुषांना पटत नसे.

"तिला काय वाचता येतं?" एकाने विचारलं होतं.

"वाचता येत नाही, पण डबा कुठे आहे ते सांगता येतं," वकील म्हणाले. "तुला आत्ता विचारलं तर तेवढंही येणार नाही." सगळे हसले. मग त्याच्या बायकोकडे वळून म्हणाले, "बाय, कुठला कागद कुणाच्या नावावर, ते नवरा समोर बसलाय तोवर विचारून घे. मागाहून तेच तलाठी विचारतो, आणि त्याला घाई असते."

संपात परतलेल्या दोघा साडूंनी हातखंब्याच्या तिठ्यावर चहाचं हॉटेल काढायचं ठरवलं. वकिलांनी त्यांना आधी वेगळं कसं व्हायचं ते लिहायला लावलं. थोरला भडकला. "लग्नाच्या मांडवात काडीमोडाचा कागद करताव काय वो?" वकील शांत. "गोडीत लिहिलेला कागद वाचता येतो. भांडणात लिहिलेला फक्त फाडता येतो." मग बाकडी कुणाची, जागेचं भाडं कोण भरणार, पाणी तापवायचा तांब्याचा बंब कुणाकडे जाणार, इथपर्यंत सगळं लिहिलं. दीड वर्षाने ते साडू खरोखरच भांडले. कागद काढला. त्यात बंब धाकट्याचा होता. थोरल्याने मुकाट्याने तो उचलून धाकट्याच्या ओसरीवर नेऊन ठेवला. आजही दोघं एकमेकांच्या घरी शिमग्याला जातात.

अजून एक प्रसंग सांगायला हवा, कारण पुढे तो लागणार आहे. आमच्या गल्लीतला एक म्हातारा शिंपी वारला. लग्न केलेलं नव्हतं, आईबाप केव्हाच गेलेले. त्याची एकुलती बहीण रडत आली. शेजाऱ्यांनी तिला सांगितलं होतं की भावाने मृत्युपत्र केलेलं नाही, आता दुकान आणि खोली सरकारजमा होणार. वकिलांनी तिला पाणी दिलं. म्हणाले, "कोण म्हणतं? बायकामुलं नाहीत, आईबाप नाहीत, दुसरं भावंड नाही. मग मागे राहिलं ते तुझंच. कागद लागत नाही. फक्त नोंद करावी लागते. भाऊ लिहून ठेवायला विसरला तरी कायदा बहिणीला विसरत नाही." ती गेल्यावर त्यांनी चहाला हात लावला नाही. तो तसाच गार झाला. त्यांच्याकडे चहा नेहमी दोन कपांत ओतलेला असे. एक स्वतःचा, एक समोरच्याचा. समोर कुणी नसलं तरी.

आता आमच्या घरची गोष्ट. ती सांगताना मला थोडी लाज वाटते.

संप मिटायची चिन्हं दिसेनात तेव्हा बाबा आणि काकांनी ठरवलं की गावात रस्त्याच्या कडेला भातगिरणी घालायची. परवान्यासाठी जागा कुणाच्या नावावर ते दाखवायला हवं. जागा आजोबांच्या नावावर, आणि आजोबा वारलेले. वारसांत बाबा, काका आणि भागीआत्या. आत्याचं नाव कमी करायचं यात कुणाला काही गैर वाटलं नाही. मलासुद्धा नाही. आमच्याकडे रीतच आहे. बहीण गौरीला माहेरी येते, तिला लुगडं नेसवतात, गोडधोड वाढतात, आणि त्याच चार दिवसांत कुणीतरी कागद पुढे करून तिचा अंगठा घेतो. एरवी ती कुठे भेटते? आत्याही हसत तयार झाली होती. मीच त्या सगळ्यांना वकिलांकडे आणलं.

वकिलांनी हक्कसोडीचा मसुदा केला आणि वाचला. मग बाबांना, काकांना आणि मला म्हणाले, "तुम्ही जरा समुद्र बघून या."

"समुद्र आमी बघितलाय," काका म्हणाले.

"पुन्हा बघा. हलतोय अजून."

आम्ही फाटकापर्यंत गेलो, पण मी छत्री विसरलो म्हणून परत आलो, आणि खोटं कशाला बोलू, खिडकीपाशी थांबलो. वकील आत्याला विचारत होते, "बाय, हा कागद झाला की जमीन भावांची. कळलं?"

"कळला."

"पुढच्या गौरीला ते तुला बोलावतील, असं यात कुठे लिहिलेलं नाही. तेही कळलं?"

आत्याने कागद हाताने थोडा दूर सारला. मग म्हणाली, "मना जमीन नको वो वकीलसायेब. मना म्हायेर हवा."

"मग नाव राहू दे," वकील म्हणाले. "गिरणीला जागा वापरायची संमती दे, दर वर्षी नवी. नाव असलं की भावाला सहीसाठी तरी दाराशी यावं लागतं. नाव गेलं की त्याला काही कारणच उरत नाही. माणूस वाईट नसतो गो. त्याला कारण लागतं."

दुसऱ्या दिवशी आत्याने संमतीच्या कागदावर अंगठा केला. बाबा वकिलांवर महिनाभर धुमसत होते. पण गिरणी झाली, आणि दर वर्षी संमतीसाठी बाबा आत्याच्या गावी जाऊ लागले. हात हलवत कसं जायचं म्हणून फणस नेतात, कधी सुकी मासळी. आत्या म्हणते, बारा वर्षांत भाऊ आला नव्हता तेवढा आता येतो.

आत्याने अंगठा केला त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी धीर करून वकिलांना विचारलं, "तुम्हाला हे कसं सुचलं?"

ते कोट झटकत होते. "सुचलं नाही," ते म्हणाले. "मला एक बहीण आहे. इंदू. मंडणगडकडे दिलेली. वडील गेले त्याच्या पुढच्या गौरीला आली होती. मी नवीन वकील झालो होतो, घाई होती. कागद पुढे केला, तिने हळदीच्या हाताने सही केली. मी वाचून दाखवला नाही. पुढे तिला तलाठ्याकडून कळलं. तिने पत्र लिहिलं. 'दादा, वाचून दाखवलं असतंस तर मी नाही म्हटलं नसतं.' त्यानंतर आली नाही."

"किती वर्षं झाली?"

"सत्तावीस." मग कोट खुंटीला लावून म्हणाले, "कॉलेजला उशीर होईल तुला."

दर भाऊबिजेच्या आधी ते पिशवी घेऊन मंडणगडच्या गाडीने जात आणि दुसऱ्या दिवशी परत येत. आता मला वाटलं, ती येत नसली तरी हे तिच्याकडे जाऊन येतात. त्या वर्षी ते परतले तेव्हा पिशवीतलं लुगड्याचं पुडकं मला दिसलं. दुकानदाराने मारलेली सुतळीची गाठ तशीच होती. ते तिच्या गावच्या थांब्यावर उतरत असतील आणि परतीची गाडी धरत असतील. दारापर्यंत जायला त्यांच्याकडे कारण नव्हतं.

बी. ए. झाल्यावर पुढे शिकायला मी कोल्हापूरला निघालो. खोली सोडायचा कागदही त्यांनी वाचून दाखवला आणि दुसऱ्या दिवशी सही घेतली. मधल्या रात्री मी पुन्हा पाहुणा होतो. मऊ भात, कुळथाचं पिठलं. जेवताना त्यांनी सांगितलं की त्यांनी एक बक्षीसपत्र तयार केलं आहे. राहतं घर, अर्धं इंदूच्या नावे. मसुदा तिला पोस्टाने पाठवला आहे. "देणाऱ्याने देऊन भागत नाही," ते म्हणाले. "घेणाऱ्याने घेतलं असं सहीने म्हणावं लागतं." मग मला आणखी पिठलं वाढलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते हातखंब्याला. दिवाळीची सुट्टी संपवून गावाहून येऊन मी कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत उभा होतो. रत्नागिरीहून मंडणगडची गाडी आली आणि तिठ्यावर थांबली. खिडकीत वकील. तोच हिरवट कोट, मांडीवर पिशवी. मी धावत गेलो.

"भाऊबीज तर होऊन गेली," मी म्हणालो.

त्यांनी खिशातून पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिलं. दोनच ओळी होत्या, अक्षर कुणा लहान मुलीचं. 'कागद मिळाला. मला हल्ली दिसत नाही. कुणी वाचून दाखवील तर सही करीन.'

मी वर बघितलं. ते हसत नव्हते. परीक्षेला निघालेल्या मुलासारखे दिसत होते. म्हणाले, "पाठ झालाय मला. तरी बघून वाचीन. तुझा कोल्हापूरचा पत्ता सांग. साक्षीदार लागतो. सही झाली की साक्ष घालायला तुला मंडणगडला यावं लागेल."

"परीक्षा झाली की नक्की येतो," मी म्हणालो. त्यांनी डेस्कावर लिहिल्यासारखा पत्ता सावकाश लिहून घेतला. कंडक्टरने घंटी मारली. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्यांचा हात खिडकीबाहेर होता. हलत नव्हता, नुसता बाहेर होता.

आंबा घाट चढताना मला त्या शिंप्याची बहीण आठवली. वकिलांनाही बायकामुलं नव्हती, आईबाप नव्हते, दुसरं भावंड नव्हतं. त्यांच्यामागे ते घर, अर्धं नव्हे, सगळंच, इंदूताईंचं होणार होतं. कागद लागतच नव्हता. हे मला कळतं, तर त्यांना कळत नसेल?

परीक्षा झाली. मी गेलो नाही. पैशांचं, गाड्यांचं कारण होतं. खरं तर मी बोलावणं येईल म्हणून वाट बघत होतो. सुट्टीहून परतलो तेव्हा वसतिगृहाच्या खोलीत दाराखालून आत सरकवलेलं एक आंतर्देशीय पत्र धूळ खात पडलं होतं. अक्षर त्याच मुलीचं. किती दिवस पडलं होतं कोण जाणे. ते जसं आहे तसं देतो.

'सप्रेम नमस्कार. आजी सांगते तसं लिहिते आहे. दादाची पिशवी इतक्या महिन्यांनी काल उघडली, तीत साक्षीदार म्हणून तुमचं नाव आणि पत्ता मिळाला म्हणून कळवते. दादा आला. जेवला. मग कागद वाचून दाखवला. मी म्हटलं, आण, करते सही. तो म्हणाला, आज नाही, उद्या. मी म्हटलं, हे तेव्हा म्हणाला असतास तर? दुसऱ्या दिवशी त्याने पेन पुढे केलं तर मीच म्हटलं, आज नको, उद्या. तिसऱ्या दिवशी पण तेच म्हटलं. चौथ्या दिवसापासून त्याने पेन काढलं नाही. फक्त रोज दिवे लागले की कागद वाचून दाखवायचा आणि विचारायचा, कळलं का, पुन्हा वाचू का. मी म्हणायची, वाच. असा अकरा दिवस राहिला. बाराव्या दिवशी सकाळी चहाला हाक मारली तर उठला नाही. सही राहिली. तुम्हाला साक्षीला यायची आता जरुरी नाही.'